कुंभारीची वसाहत : घरानंतरचा प्रश्न

सोलापूरच्या इतिहासाचा विषय निघाला की तीन गोष्टी ठरल्याप्रमाणे सांगितल्या जातात. सिद्धेश्वराचे तळे आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. १९३० सालच्या मे महिन्यातील मार्शल लॉ व त्यापायी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले चार हुतात्मे. आणि गिरण्यांचे भोंगे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, अभिमानाच्याही आहेत. परंतु या शहरात राबणारी माणसे राहत कोठे होती, कोणाच्या जागेत, कोणाच्या मर्जीने, आणि आपला शेजारी कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः कोणत्याही कामगार-शहराचा खरा स्वभाव त्याच्या कारखान्यांपेक्षा त्याच्या वस्त्यांवरून अधिक चांगला ओळखू येतो.

पूर्व भागातील पेठा विणकरांनी भरल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी साखर पेठ, दाजी पेठ, पाच्छा पेठ या परिसरात घर केले ते मागासकट; एका खोलीत माग, दुसऱ्या खोलीत चूल. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, तरी घर आणि काम यांची ही गुंतवळ सुटली नाही. येथे शेजार ठरविला तो जातीने आणि धंद्याने. गिरण्यांच्या चाळींत तो ठरविला मालकाने. मालकाच्या चाळीतील खोली नोकरीच्या दोरीने बांधलेली असते. भोंगा थांबला की दोरीही तुटते. जुन्या मिलचा भोंगा कधीच थांबला, लक्ष्मी-विष्णूचा नव्वदीच्या दशकात थांबला, आणि त्या परिसराची कळा कशी पालटली हे सोलापूरकरांना सांगावयास नको. तिसरा प्रकार सर्वांत क्रूर. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरविण्यात आले, त्यांना येथे तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. त्यांची हजेरी घेतली जाई, आणि त्यांच्यातील अनेकांचे श्रम गिरण्यांना स्वस्तात मिळत. कायदा १९५२ साली गेला. ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव मात्र आजही लोकांच्या तोंडी आहे.

विजापूर रस्त्याने आणि जुळे सोलापूरच्या बाजूने पुढे ज्या सोसायट्या झाल्या, त्यांची वीण वेगळी. तेथे शेजार ठरविला पगाराच्या चिठ्ठीने. शिक्षक, कारकून, बँकेतील व सरकारी खात्यांतील नोकरदार यांनी कर्ज काढून प्लॉट घेतले, मंजूर आराखड्यात घरे बांधली आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व पत्करले. या सोसायट्या बऱ्या चालतात. वर्गणी थकविणारा सभासद तेथेही असतोच, आणि वार्षिक सभेत सर्वांत मोठ्या आवाजात बहुधा तोच बोलतो. पण एकूण गाडा चालतो, कारण दर महिन्याच्या एक तारखेला सभासदाच्या हाती काहीतरी निश्चित रक्कम पडते.

या सर्वांहून निराळी अशी एक वसाहत अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे उभी आहे. कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था हे तिचे लांबलचक नाव, आणि त्या नावातला एकही शब्द वायफळ नाही. दहा हजार घरांची ही वसाहत. विडी कामगारांच्या संघटनेने, माकपचे नेते व सोलापूरचे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, वर्षानुवर्षे मोर्चे काढून, मुंबई-दिल्लीच्या खेपा घालून ती पदरात पाडून घेतली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते या घरांचे हस्तांतरण झाले. ज्यांच्या नावाने वसाहत आहे त्या गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५-४७ च्या लढ्याच्या नेत्या. तेलुगू बोलणाऱ्या स्त्रियांची मोठी संख्या असलेल्या सोलापूरच्या वसाहतीला त्यांचे नाव लाभावे, यात कामगार चळवळीचा जात-भाषेपलीकडे पाहण्याचा जुना आग्रह दिसतो. येथे शेजार जातीने ठरविला नाही, मालकाने नाही आणि पोलिसांनी तर नाहीच. तो ठरविला संघटनेने. सोलापूरच्या वस्त्यांच्या इतिहासात ही गोष्ट नवी होती.

घर की कारखाना?

विडी कामगार स्त्रीला घर का हवे, याचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्येकालाच घर हवे असते. परंतु या स्त्रीच्या बाबतीत अर्थशास्त्राच्या पुस्तकातील नेहमीची व्याख्या अपुरी पडते. इतरांसाठी घर ही उपभोगाची वस्तू असते. तिच्यासाठी ते उत्पादनाचे साधन आहे. ती कारखान्यातून किंवा शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन येते. पाने भिजवावी लागतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात, मग फर्म्याच्या मापाने कात्रीने कापावी लागतात. तंबाखू मात्र कोरडी राहिली पाहिजे. म्हणजे एकाच खोलीत एक कोपरा ओला आणि एक कोपरा कोरडा हवा. शिवाय मांडीवर सूप घेऊन आठ-दहा तास बसता येईल एवढी उजेडाची जागा हवी. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत मुलांचा अभ्यास आणि रात्री सर्वांचे अंथरूण. हात चालणाऱ्या स्त्रीच्या दिवसाकाठी हजारभर विड्या होतात, पुष्कळजणींच्या त्याहून कमी. मजुरी हजारावर मिळते आणि माल परत नेला की खराब म्हणून त्यातल्या काही विड्या बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे नाहीत.

या व्यवस्थेत एक गोम आहे. पूर्वी मोठमोठ्या कारखान्यांतून विड्या वळल्या जात. कामाचे तास, स्वच्छता, रजा, बाळंतपण यांविषयीच्या अटी घालणारा विडी व सिगार कामगार कायदा १९६६ साली झाला. पण घरी वळलेल्या विडीला इमारत लागत नाही, दिवा लागत नाही, पाळणाघरही लागत नाही. हा सगळा खर्च मालकाच्या वहीतून पुसला गेला आणि कामगार स्त्रीच्या घरभाड्यात जाऊन बसला. ती भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर कारखान्याचे भाडे तीच भरते. आणि तंबाखूच्या वासाने त्रासलेला घरमालक तिला खोली सोडावयास सांगतो, तेव्हा एकाच वेळी तिचे घरही जाते आणि कामाची जागाही. मध्यमवर्गीय भाडेकरूच्या आणि तिच्या अडचणीत हा मूलभूत फरक आहे. संघटनेने मजुरीच्या प्रश्नाइतकाच घराचा प्रश्न हाती घेतला, याचे म्हणूनच आश्चर्य वाटू नये. तो मजुरीचाच प्रश्न होता.

पैसा कोठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीच्या उत्पादनावर उपकर बसवावयाचा आणि त्यातून कामगारांच्या दवाखान्यांवर, मुलांच्या शिष्यवृत्त्यांवर आणि घरांवर खर्च करावयाचा, अशी ही योजना. कुंभारीच्या घरांसाठी केंद्राने अनुदान दिले, राज्याने भर घातली आणि उरलेला वाटा त्या स्त्रीने स्वतः उचलला. घरामागे वीस हजार रुपये ही केंद्राच्या अनुदानाची त्या काळातील मर्यादा. आज ही रक्कम किरकोळ वाटेल. पण रोज दहा रुपये बाजूला टाकणाऱ्या स्त्रीला तेवढे पैसे साठविण्यास दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे लागतात. तीही एकही दिवस आजारी न पडता, घरात लग्न-मर्तिक न निघता. गरिबांना घरे ‘फुकट वाटली’ असे बोलणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

घर स्त्रीच्या नावावर आहे, ही गोष्ट तर अनुदानाच्या रकमेहूनही मोलाची. यंत्रमागावर जाणारा नवरा, विडीवर बसणारी बायको, ही पूर्व भागातील नित्याची जोडी. दारूपायी किंवा कर्जापायी संसार विस्कटला तर रस्त्यावर कोणी यावयाचे हे पूर्वी ठरलेले असे. संस्थेच्या भागपत्रावर तिचे नाव चढले आणि ते ठरलेले उत्तर बदलले.

मागणी एक आणि वर्गणी दुसरी

महाराष्ट्रात गृहनिर्माण सहकाराची परंपरा जुनी आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली रावबहादुर तालमकी यांच्या प्रयत्नाने स्थापन झालेली सारस्वत सोसायटी ही तिची आद्य खूण. पण तेथील सभासद एका ज्ञातीचे, सुशिक्षित, नोकरीपेशाचे होते. सभेचा वृत्तांत कसा लिहावा, ताळेबंद कसा वाचावा, राखीव निधी म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागले नसावे. कुंभारीच्या सभासद स्त्रिया निराळी विद्या शिकून आल्या. मोर्चात चालणे, धरणे धरणे, मंत्र्याच्या दारात बसून राहणे आणि हाती काही पडेपर्यंत न उठणे, ही ती विद्या. ती लहान नव्हे. तिच्याविना ही वसाहत झालीच नसती.

अडचण अशी की या दोन विद्या वेगवेगळ्या आहेत. चळवळ वर पाहते: जिल्हाधिकाऱ्याकडे, मुंबईकडे, दिल्लीकडे. वसाहत चालविण्यासाठी बाजूला पाहावे लागते: शेजारणीकडे, तुंबलेल्या गटाराकडे, विझलेल्या दिव्याकडे. मोर्चात दहा हजारांपैकी नऊ हजार आल्या तरी मोर्चा यशस्वी होतो. पाण्याच्या पंपाचे बिल मात्र नऊ हजारांनी भरून भागत नाही. उरलेल्या हजारांकडे पाहून पुढच्या महिन्यात आणखी हजारजणी हात आखडता घेतात. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली हाच मुद्दा मांडला होता. ज्या सोयीचा लाभ सर्वांनाच मिळतो तिच्यासाठी स्वतः झीज का सोसावी, असे मोठ्या समूहातील प्रत्येकाला वाटू लागते, आणि सोयच नाहीशी होते. पण याच शास्त्रात पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या कालवे, कुरणे आणि मासेमारीच्या व्यवस्थांचा अभ्यास करून दाखविले की माणसे इतकीही असहाय नसतात. नियम त्यांनी स्वतः केलेले असले, देखरेख त्यांच्यातलीच माणसे करीत असली आणि समूह लहान लहान गटांत विभागलेला असला, तर ती सामायिक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

ही चर्चा कुंभारीला तंतोतंत लागू पडते. दहा हजार घरांची एकच संस्था हा देखरेखीच्या दृष्टीने फार मोठा आकार आहे. घरटी चार माणसे धरली तरी चाळीस हजारांची वस्ती झाली; महाराष्ट्रातील पुष्कळ नगरपालिका याहून लहान आहेत. दर घरामागे महिना तीस रुपये जमले तर वर्षाला छत्तीस लाख रुपये होतात. ही रक्कम लहानसहान दुरुस्तीला पुरेशी आहे, पण रस्ते, सांडपाणी, पाणीपुरवठा यांना नाही. आणि ती कामे संस्थेची असूही नयेत. ती स्थानिक स्वराज्य संस्थेची आहेत. पेच असा की वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. हद्द ग्रामीण आणि वस्ती शहरी, असा हा प्रकार. शहराला स्वस्त श्रम या वस्तीतून मिळतात, मात्र तिच्या गटारांची जबाबदारी शहराकडे नाही. उजनीचे पाणी ज्या शहरालाच वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत आले, त्याच्या वेशीबाहेरील वसाहतीने काय अपेक्षा ठेवावी? घर स्वस्त व्हावे म्हणून जमीन लांब घेतली जाते आणि वाचलेले पैसे पुढे बसभाड्यात, टँकरच्या रांगेत आणि बुडालेल्या मजुरीत थोडे थोडे करून फेडावे लागतात. घराची किंमत मोजताना हा हप्ता कोणत्याच सरकारी कागदावर दिसत नाही.

विडी गेल्यावर

याहून खोल प्रश्न वसाहतीच्या नावातच दडलेला आहे. ही विडी कामगार स्त्रियांची वसाहत. विडी हाच येथील शेजाराचा धागा. पण तो धागा विरत चालला आहे. धूम्रपानविरोधी कायदा २००३ साली झाला, पाकिटांवर चित्रमय इशारे आले, गिऱ्हाईक घटले. आणि तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या आईलाच आपल्या मुलीने सूप हाती घ्यावे असे वाटत नाही. हे योग्यच झाले. विडीचा धंदा वाढावा असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. परंतु धंद्याबरोबर त्यावर आधारलेले संरक्षणही जाते याचा विचार कोणी केला नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा इतर अनेक उपकरांबरोबर विडीवरील कल्याण उपकरही रद्द झाला. ज्या विडीने घर बांधून दिले, तिच्यातून निघणारा तो स्वतंत्र झरा तेव्हाच आटला. विडीवर कर आजही आहे; पण तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, त्यावर वळणारीचे नाव नाही.

मग सभासदत्वाचे काय? मूळ सभासद स्त्री वारली, तिची सून तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते, मुलगा रिक्षा चालवितो, नात नर्सिंग शिकते. कायद्याने वारसाला हक्क मिळेल, याविषयी वाद नाही. वाद आहे तो संस्थेच्या स्वत्वाविषयी. विडी कामगार म्हणून एकत्र आलेल्या स्त्रियांच्या मुली-सुना केवळ शेजारी म्हणून एकत्र राहतील काय? पहिल्या पिढीला वसाहत आठवते ती लढ्यासकट. कोणत्या मोर्चात कोणाच्या डोक्यावर लाठी बसली, कोणाचे मूल कडेवर होते, हे त्या सांगू शकतात. दुसऱ्या पिढीसाठी ते फक्त राहते घर आहे, लांब पडणारे, आणि कधीतरी विकून शहरात जवळ जाता आले तर बरे असे वाटावयास लावणारे. अशा घरांचे हळूहळू भाडेपट्टे होतात, कुलमुखत्यारपत्रावर हात बदलतात, स्त्रीच्या नावाचे घर पुन्हा पुरुषाच्या व्यवहाराचा विषय होते. हे सर्वत्र घडत आले आहे आणि कुंभारी त्याला अपवाद ठरेल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे होईल. संस्थेने नोंदवही काटेकोर ठेवली, प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी सभासद स्त्रीला समोर बसवून विचारले आणि तिच्या पश्चात नामनिर्देशन शक्यतो मुलीच्या किंवा सुनेच्या नावे करून घेण्याचा आग्रह धरला, तरच भागपत्रावरील तिच्या नावाला अर्थ राहील.

या अनुभवाचे महत्त्व आता दुपटीने वाढले आहे, कारण कुंभारीत तो पुन्हा, तिप्पट आकाराने घडत आहे. याच संघटनेच्या पुढाकाराने गोदूताई वसाहतीनंतर मीनाक्षीताई साने यांच्या नावाची वसाहत झाली, आणि मग आले रे नगर. तीस हजार घरांच्या या प्रकल्पाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरणही त्यांच्याच हस्ते झाले. दोन पंतप्रधान, दोन परस्परविरोधी पक्ष, आणि दोघांच्याही विरोधात उभी राहणारी संघटना. तरी घरे झाली. राजकारणाविषयी निराश झालेल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. येथील रहिवासी केवळ विडी कामगार नाहीत. यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, कचरा वेचणारे, वाहनचालक, बांधकाम मजूर, असा असंघटित श्रमाचा सगळा गोतावळा एका छताखाली आला आहे. म्हणजे धंद्याचा एकच धागा येथे पहिल्या दिवसापासून नाही.

छत शब्दशः सामायिक आहे, हा आणखी एक फरक. गोदूताई वसाहतीतील घरे जमिनीवरची, ज्याची त्याची. रे नगरात मजल्यांच्या इमारती आहेत. जमिनीवरच्या घरात पंप बंद पडला तर शेजारणीकडून घागर आणता येते. वरच्या मजल्यावर पंप म्हणजे पाणी आणि टाकी म्हणजे सर्वांची टाकी. जिन्याचा दिवा, छताची गळती, सांडपाण्याचा उभा नळ, यांतील एकही गोष्ट एकट्याने सांभाळण्याजोगी नाही. घरगुती धंद्यालाही येथे मर्यादा पडते. ओटा नाही, अंगण नाही. पाने भिजत घालावयाची किंवा शिलाईचे गठ्ठे उतरवावयाचे तर जिना हीच जागा, आणि जिना तर सर्वांचा. अशा ठिकाणी संस्था दुबळी राहिली तर दहा वर्षांत इमारती म्हाताऱ्या होतात. या तीस हजार घरांसाठी १,८११ कोटी रुपयांचा खर्च सांगितला गेला. त्यांच्या देखभालीचा आकडा मात्र पायाभरणीच्या कोणत्याही भाषणात आला नाही.

सहकार कायद्याने संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. बहुसंख्य संस्थांत ती कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग उरलेल्या पंधरा-वीस माणसांत उरकते. कुंभारीत ती तशी उरकू नये. गल्लीवार किंवा इमारतवार लहान समित्या नेमाव्यात, त्यांवर निवडून येणाऱ्या स्त्रियांना जमाखर्च वाचावयास शिकविण्याचे काम सोलापूरच्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने अंगावर घ्यावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही. सभेची नोटीस मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही वाचून दाखवावी. आणि सभा ठेवावी ती संध्याकाळी, दिवसाचा माल शाखेत जमा करून स्त्रिया घरी परतल्यानंतर. दुपारी ठेवलेल्या सभेला येणे म्हणजे त्यांच्यासाठी दोनशे विड्यांची मजुरी सोडणे असते.